नॉट ओके : एका नापास चाचणीचा मागोवा

स्पॅम गाळणारं स्पॅमअसॅसिन सीपॅनवरून, म्हणजे पर्ल भाषेच्या सामायिक भांडारातून, उतरवून सर्व्हरवर बसवायचं तर चार पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत ते तुमच्या यंत्राची चौकशी करतं, दुसरीत स्वतःची जुळवाजुळव करतं, तिसरीत चाचण्या चालवतं आणि चौथीत सिस्टिममध्ये जाऊन बसतं. घोडं अडतं ते तिसऱ्या पायरीवर. ‘मेक टेस्ट’ म्हटलं की स्क्रीनवर फाइलींची नावं सरकू लागतात, प्रत्येकीपुढे ‘ओके’ उमटत जातं. स्पॅमअसॅसिनच्या स्पॅमडी या सेवेच्या चाचण्यांपाशी वेग मंदावतो आणि ‘नॉट ओके’ अशी एक ओळ येते. तिच्यामागून तशाच आणखी काही. शेवटी हिशेब येतो : इतक्या फाइली चालल्या, इतक्या नापास, निकाल फेल. सीपॅनचा इन्स्टॉलर तिथेच हात वर करतो.

बेंगळुरूत, कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटमधल्या एखाद्या छोट्या कंपनीत, अशा वेळी शेजारच्या खुर्चीवरून येणारा सल्ला ठरलेला असतो : ‘अरे, फोर्स मार ना.’ सीपॅनला ‘फोर्स इन्स्टॉल’ सांगितलं की ते नापास चाचण्यांकडे काणाडोळा करतं. ‘नोटेस्ट’ सांगितलं तर चाचण्या घेतच नाही. काम उरकतं, मेल वाहू लागतात. पुढे कधीतरी अकाउंट्सवाल्यांची इन्व्हॉइसं जंक फोल्डरात जायला लागतात आणि लॉटरीची पत्रं थेट साहेबांच्या इनबॉक्सात पोचतात, तेव्हा त्या ‘नॉट ओके’ची आठवण कुणालाच नसते.

माझ्या मते हा सल्ला वाईट आहे. त्याचं कारण त्या ओळीच्या घराण्यात सापडतं. ही ओळ जन्माला आली तीच परक्या यंत्राबद्दल काहीतरी सांगण्यासाठी, आणि आजही बहुतेक वेळा ती तेच करते.

‘मेक’ हे आजोबा. बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ते लिहिलं. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे लिहून ठेवायचं आणि जे बदललं तेवढंच पुन्हा घडवायचं, इतकंच त्याचं काम. त्यात चाचणीचा विचार नव्हता. ‘टेस्ट’ हे त्याच्या लेखी इतर कामांसारखंच एक काम.

‘नॉट ओके’चा खरा जन्म लॅरी वॉल यांच्या घरचा. १९८४ च्या सुमारास त्यांनी यूझनेटवरचे चर्चागट वाचण्यासाठी ‘आरएन’ नावाचा प्रोग्रॅम लिहून जगभर वाटायला सुरुवात केली. त्या काळी युनिक्स एक नव्हतं. प्रत्येक कंपनीचं युनिक्स निराळं, एकाकडे असलेलं फंक्शन दुसऱ्याकडे नाही, तिसऱ्याकडे असलं तरी वागायला भलतंच. वॉल यांनी यावर ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट रचली. ती यंत्रावर जाऊन एकेक प्रश्न विचारते, चाचपून पाहते आणि मग त्या यंत्रापुरता प्रोग्रॅम बेतते. युनिस नावाची युनिक्सची एक नक्कल तेव्हा प्रोग्रॅमरांच्या डोक्याला ताप होती. ती सापडली नाही की ही स्क्रिप्ट चक्क अभिनंदन करते.

१९८७ मध्ये वॉल अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘ब्लॅकर’ नावाच्या गुप्त प्रकल्पात होते. देशाच्या दोन किनाऱ्यांवर पसरलेल्या यंत्रांमधल्या फाइलींतून अहवाल काढायचे होते आणि हाताशी असलेली हत्यारं अपुरी पडत होती. त्यातून पर्ल ही भाषा आली. १८ डिसेंबर १९८७ ला ती जगापुढे ठेवली गेली, तेव्हा तिच्यासोबत ‘टी’ या एका अक्षराच्या नावाचं फोल्डर होतं. त्यात चाचण्या होत्या. चाचणीचा प्रोग्रॅम आधी किती चाचण्या होणार ते छापतो : १ ते ४. मग एकेका ओळीत ‘ओके १’, ‘ओके २’. न जमलं तर ‘नॉट ओके ३’. बस्स. त्या फोल्डरातल्या अगदी पहिल्या चाचण्या भाषेच्या पायाच्या होत्या आणि त्यांत ‘प्रिंट’ आणि साधी अट यांखेरीज कशावरही भरवसा ठेवलेला नव्हता. ज्या भाषेची परीक्षा घ्यायची, तीच भाषा परीक्षक. मग परीक्षकाला येतं तरी काय, इथपासून सुरुवात करणं भाग होतं. मला हा भाग फार आवडतो.

सोबत चाचण्या पाठवण्यामागचा हेतू उघड होता. लेखकाच्या यंत्रावर तर सगळं चालतंच. प्रश्न वाचकाच्या, म्हणजे बसवणाऱ्याच्या यंत्राचा असतो, आणि ते यंत्र लेखकाला कधीच दिसणार नाही. म्हणून चाचणीलाच तिकडे पाठवायचं. १९९५ मध्ये सीपॅन हे पर्लचं सामायिक भांडार उभं राहिलं, तेव्हा हीच रीत तिथला कायदा झाली. १९९८ पासून सीपॅन टेस्टर्स नावाची स्वयंसेवकांची फळी प्रत्येक नवं मॉड्यूल आपापल्या यंत्रांवर चालवून पास-फेलचा अहवाल पाठवते आहे. ‘ओके’, ‘नॉट ओके’ या ओळींना पुढे टॅप असं नावही मिळालं आणि इतर भाषांनी ती पद्धत उचलली.

स्पॅमची वंशावळ पर्लहून जुनी. मे १९७८ मध्ये डेक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एका फटक्यात धाडलं. लोक भडकले, पण माल खपला असं थर्क पुढे अभिमानाने सांगत राहिले. आपल्याकडे तेव्हा ईमेलच नव्हतं. १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ भागीदार होते. एनसीएसटी आणि पवईच्या आयआयटीत टेलिफोनवरून मेलची ये-जा आधी सुरू झाली. १९८९ मध्ये अमेरिकेशी कायमची जोडलेली तार आली, तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट. त्या नळीतून कुणी फुकटची जाहिरात पाठवली असती तर सगळ्या देशाचं टपाल खोळंबलं असतं. पण जाहिरात करणाऱ्यांना भारतातले ते मूठभर प्राध्यापक ठाऊकच नव्हते.

बेंगळुरूत या गोष्टीला एक बेळगावी धागा आहे. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये बेंगळुरूत सीआयएक्स नावाची बुलेटिन बोर्ड सेवा सुरू केली. मोडेम लावायचा, नंबर फिरवायचा, निरोप टाकायचे, उचलायचे. इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. पुढच्याच वर्षी पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. चिटणीस तिथले सल्लागार संपादक होते, आणि देशातल्या एका पिढीने लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते अशा सीड्यांमधून. डाउनलोड परवडण्याजोगं नव्हतं; सगळं सॉफ्टवेअर चकतीवर यायचं. एक लिनक्स पेटी, एक मोडेम आणि दिवसातून दोनदा डायल करून आणलेलं सगळ्या कचेरीचं टपाल, हा तेव्हाच्या छोट्या कंपन्यांचा मेल सर्व्हर. डायलअपचा आकार मिनिटांवर चालायचा, त्यामुळे स्पॅम नुसतं वैतागाचं उरलं नव्हतं, ते बिलातही दिसू लागलं.

२००१ मध्ये चिटणीस आणि त्यांच्या साथीदारांनी ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद भरवली. २००५ पासून ती फॉस डॉट इन म्हणून ओळखली गेली. चिटणीस २०१३ मध्ये गेले. परिषदेत ते एक गोष्ट कायम रेटत असत : भारतीय लोकांनी मुक्त सॉफ्टवेअर नुसतं वापरू नये, त्यात भर घालावी. त्याचं एक चांगलं उदाहरण तेव्हा याच क्षेत्रात होतं. विपुल वेद प्रकाश या भारतीय प्रोग्रॅमरने लिहिलेलं ‘विपुल्स रेझर’. एकाने एखादं पत्र स्पॅम म्हणून कळवलं की त्याचा ठसा सर्वांना मिळतो. पर्लमध्येच लिहिलेलं. २००१ मध्ये त्यांनी क्लाउडमार्क कंपनी काढली, आणि रेझर स्पॅमअसॅसिनचा एक साक्षीदार होऊन बसला.

स्पॅमअसॅसिनही २००१ चंच. मार्क जेफ्टोविक यांनी १९९७ मध्ये आपल्यापुरती एक चाळणी केली होती. आयरिश प्रोग्रॅमर जस्टिन मेसन यांनी ती वापरत, वाढवत शेवटी नव्याने लिहिली आणि २० एप्रिल २००१ ला लोकांसमोर ठेवली. कल्पना साधी : एकाच पुराव्यावर निकाल द्यायचा नाही. शेकडो नियम, प्रत्येकाचे थोडे गुण, काहींचे उणे. बेरीज पाचावर गेली की स्पॅम. २००४ मध्ये प्रकल्प अपाची फाउंडेशनकडे गेला. आता अशा यंत्रणेची चाचणी कशी घ्यायची? प्रत्यक्ष स्पॅम पाठवून पाहणं जोखमीचं. म्हणून जीट्यूब नावाची ६८ अक्षरांची एक निरर्थक माळ ठरवण्यात आली. ती ज्या पत्रात दिसेल त्याला एकदम १००० गुण. अँटिव्हायरसवाल्यांची आयकार नावाची चाचणी-फाइलही नेमकी ६८ अक्षरांची असते. नातं तिथूनच आलं. सर्व्हर उभा केल्यावर ही माळ स्वतःला मेल करून पाहणं हा आजही सगळ्यात झटपट मार्ग. मात्र जीट्यूब पकडलं गेलं म्हणजे चाळणी नीट आहे, असा निष्कर्ष काढू नये. त्यावरून चाळणी चालू आहे एवढंच कळतं.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे त्या वाटेने फारसं काही आलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमात त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता. पण ते कलम राजकीय शेरेबाजी करणाऱ्यांना पकडण्यासाठीच जास्त वापरलं गेलं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. झालं ते बरंच झालं. स्पॅम अडवायचं काम सर्व्हर सांभाळणाऱ्याकडेच राहिलं.

२०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत आणि डिजिटलओशनने बेंगळुरूत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. महिन्याला काही शे रुपयांत सर्व्हर मिळू लागला. क्लाउडवर सगळी यंत्रं एकसारखी, एकाच साच्यातून काढलेली. वॉल यांना छळणारा यंत्रायंत्रातला फरक इथे संपायला हवा होता. चाचण्या मात्र नापास होतच राहिल्या, कारण साचाच काही बाबतींत वाकडा होता.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. बऱ्याच ठिकाणी नवा क्लाउड सर्व्हर हाती येतो तो थेट रूटच्या चाव्यांसह. माणूस रूट म्हणून शिरतो, तिथेच सीपॅन सुरू करतो. सीपॅन आपलं सामान रूटच्या घरात, एका लपलेल्या फोल्डरात उघडतं, आणि चाचण्या तिथूनच चालतात. स्पॅमडी ही स्पॅमअसॅसिनची पाठीमागे बसून राहणारी सेवा. तिला सक्त ताकीद आहे की पत्र तपासताना रूट राहायचं नाही, कारण पत्र परक्याचं असतं आणि परक्याच्या मजकुराला रूटच्या हाताने शिवणं धोक्याचं. दुसरं नाव दिलेलं नसेल तर ती ‘नोबडी’ या नावाच्या, जवळपास अधिकारहीन वापरकर्त्याचं रूप घेते, आणि तसं लॉगमध्ये लिहूनही ठेवते. आता गंमत अशी की रूटच्या घराचं दार इतरांना बंद असतं. नोबडीला त्या फोल्डरात पाऊलच टाकता येत नाही. चाचणीचे नियम, चाचणीची पत्रं, सगळं आत. बाहेर उभ्या राहिलेल्या सेवेला काहीच वाचता येत नाही, आणि स्पॅमडीच्या चाचण्या एकापाठोपाठ कोसळतात. सॉफ्टवेअरमध्ये खोट नाही. साधा वापरकर्ता तयार करून त्याच्या घरात तीच चाचणी चालवली तर निमूटपणे पास होते. आणि हे ‘फोर्स’ मारून दडपलं तर? प्रत्यक्ष वापरातही ती सेवा नोबडी होऊनच काम करणार, शिकलेलं साठवायला तिला जागा मिळणार नाही, आणि आलेल्या पत्रांवरून शिकणारी बेझची चाळणी कधी शहाणी होणारच नाही.

दुसरं पाणी मुरतं ते डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत. तिच्यातून विचारल्या जाणाऱ्या काळ्या याद्यांनाही पूर्वज आहेत. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेत कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्डची जाहिरात हजारो यूझनेट गटांवर ओतली आणि स्पॅमचा धंदा होऊ शकतो हे उघड झालं. १९९७ मध्ये पॉल विक्सी यांनी उपद्रवी पत्त्यांची काळी यादी काढली. अशी यादी डीएनएसमधून विचारता येते : पत्ता उलटा लिहायचा, पुढे यादीचं नाव जोडायचं आणि असं यंत्र अस्तित्वात आहे का ते पाहायचं. उत्तर आलं तर नाव यादीत आहे. अशा प्रत्येक यादीने १२७.०.०.२ हा पत्ता कायम दोषी दाखवावा आणि १२७.०.०.१ कधीच दाखवू नये, असा संकेत आहे. २०१० मध्ये तो लेखी झाला. हीसुद्धा एक चाचणीच. स्पॅमअसॅसिननेही स्वतःची एक खोटी यादी केवळ चाचणीसाठी चालू ठेवली आहे. नेटवर्कच्या चाचण्या मुद्दाम सुरू केल्याशिवाय चालत नाहीत, म्हणून अनेकांना ही नापासी दिसतच नाही.

क्लाउडवरची अडचण अशी की तुमचा प्रश्न यादीवाल्याकडे तुमच्या नावाने जात नाही. तो पुरवठादाराच्या सामायिक रिझॉल्व्हरमार्फत किंवा गूगलच्या आठ-आठ-आठ-आठ मार्फत जातो. तिथून लाखो प्रश्न येतात, फुकट मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, आणि यादीवाला दार लावून घेतो. स्पॅमहाउस हा यादीवाला अशा वेळी १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतो. त्याचा अर्थ ‘सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारू नका’ एवढाच. पण एखादी जुनी मांडणी १२७ ने सुरू होणारं कुठलंही उत्तर ‘दोषी’ म्हणून घेते आणि मग सगळं जग स्पॅम ठरतं. इलाज स्वस्त आहे : सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवायचा, त्याला पुढे कुणाकडेही न ढकलता थेट मुळापासून विचारायला सांगायचं आणि रिझॉल्व्ह-कॉन्फ त्याच्याकडे वळवायचं. उबुंटूत ती फाइल १२७.०.०.५३ दाखवते, तो सिस्टिमडीचा मध्यस्थ आहे, तुमचा अनबाउंड नव्हे. इथे फसणारे खूप.

बाकीच्या दोन भानगडी थोडक्यात. सर्वात स्वस्त सर्व्हरवर मेमरी तुटपुंजी आणि स्वॅप बहुधा नसतोच. चाचणी मध्येच ‘किल्ड’ म्हणून मरते आणि निकालात ते नापास म्हणून दिसतं. दुसरी लोकेलची. आपल्या लॅपटॉपची भाषा मराठी-भारत ठेवली असेल तर एसएसएच ती माहिती सर्व्हरला कळवतं. सर्व्हरवर ती भाषा तयार केलेली नसते. पर्ल सुरू होताना दरवेळी लोकेल लावता आलं नाही अशी तक्रार करतं, आणि छापून आलेली अक्षरं तंतोतंत जुळवणाऱ्या चाचण्या त्या एका तक्रारीमुळे फसतात. मराठी वाचणाऱ्या सिस्टिमवाल्यांना हा प्रसाद इतरांपेक्षा जरा जास्त मिळतो.

कधी कधी दोष खरोखर सॉफ्टवेअरचा असतो, हेही सांगायला हवं. मे २०१७ मध्ये पर्ल ५.२६ ने सुरक्षेच्या कारणास्तव चालू फोल्डरात मॉड्यूल शोधणं बंद केलं आणि सीपॅनवरच्या असंख्य जुन्या पॅकेजांच्या चाचण्या एका रात्रीत फसल्या. मार्च २०२० पासून ३.४.२ पूर्वीच्या स्पॅमअसॅसिनला नियमांचे ताजे हप्ते मिळणं थांबलं, कारण जुन्या पद्धतीच्या सह्या बंद झाल्या. आणि एक चूक अशी की तिच्यासाठी चाचणीच नव्हती. भविष्यातली तारीख घालून येणारी पत्रं पकडायला एक नियम होता. त्यात ‘भविष्य’ म्हणजे २०१० पासून पुढे असं धरलं होतं. १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगातल्या प्रत्येक प्रामाणिक पत्राला तीनपेक्षा जास्त गुण लागले. पाचाची हद्द गाठायला मग फारसं काही लागत नव्हतं. दुरुस्ती विकासाच्या शाखेत आधीच झालेली होती; लोकांच्या सर्व्हरपर्यंत ती पोचवायची राहिली होती. बेंगळुरूतली जी कचेरी त्या शुक्रवारी सुट्टीवर होती, तिला सोमवारी शुभेच्छांची पत्रं जंकमध्ये सापडली असतील.

स्पॅमअसॅसिनमध्ये मराठीची जागा छोटी आहे, पण आहे. पत्राची भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट नावाचं एक प्लगइन स्पॅमअसॅसिनसोबत येतं. मूळ काम नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या गेर्टजान व्हान नूर्ड यांचं, तेही पर्लमधलं. अक्षरांचे छोटे गट कितीदा येतात ते मोजून भाषा ठरवायची. त्याच्या यादीत मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत अशा चारही देवनागरी भाषा वेगवेगळ्या आहेत. लिपी एकच, त्यामुळे नुसती अक्षरं पाहून भागत नाही. दुसरीकडे नियमांना मात्र कितीतरी वर्षं अक्षरं दिसतच नव्हती, फक्त बाइट दिसायचे. ‘आहे’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइटांचा होतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.०.० पासून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून मग तपासणं हा मूळ स्वभाव झाला.

स्पॅमअसॅसिनचे अहवाल आणि नियमांची वर्णनं जर्मन, फ्रेंच, इटालियन, डच, पोलिश आणि ब्राझिली पोर्तुगीज अशा वेगळ्या फाइलींत मिळतात. त्या यादीत मराठी नाही. कुणी फाइल लिहायला बसलं तर काम फार मोठं नाही. इंग्रजी वर्णनांची यादी समोर ठेवून एकेक ओळ उतरवायची. भाषांच्या फाइलींसाठी वेगळी लिंट चाचणी आहे. ती आधी साध्या वापरकर्त्याच्या घरात चालवावी, रूटच्या नव्हे.